आडनाव काय, गाव कुठलं?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेत एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण. बोलण्यातील काही पुनरुक्ती गाळून ते येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



तथागत भगवान बुद्ध, बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महात्मा जोतिबा फुले आणि सावित्रीमाई यांच्या स्मृतीस वंदन करून मी दोन शब्द बोलतो. दोन शब्द म्हणतो खरा, पण मास्तर माणूस आहे. दोनाचे चार झाले तर सांभाळून घ्या.

समितीने मला विषय दिला आहे, 'स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचे शिक्षण आणि सांस्कृतिक ओळख'. विषय ऐकायला जड वाटतो, म्हणून मी तो सोपा करून घेतला आहे. आपल्या पोरांना आयुष्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आडनाव काय? आणि गाव कुठलं? विचारणाऱ्याला आपल्या गावाशी काही देणंघेणं नसतं. त्याला काय काढून घ्यायचं असतं, ते आपल्याला बरोबर कळतं. आपल्या पिढीला या दोन प्रश्नांची भीती वाटायची. आजच्या पोरांची अडचण वेगळीच आहे. त्यांच्याकडे उत्तरच नसतं.

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी विहारात वंदना झाली आणि एक ताई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. हातात शाळेचा प्रवेश अर्ज. मुलगा पाचवीत जाणार. मला म्हणतो, "सर, मातृभाषा में क्या लिखने का?" ताई ओशाळल्या. म्हणाल्या, "घरात आम्ही मराठीच बोलतो सर, पण हा बिल्डिंगमधल्या पोरांत हिंदी बोलतो आणि शाळेत इंग्रजी." पुढचे रकाने धर्म आणि जात. तिथे त्यांचा हात थांबला होता. खाली जन्मगाव, मूळ गाव. मुलानं जन्मगाव नालासोपारा लिहिलं होतं. मूळ गाव रिकामं. त्याला गावाचं नाव माहीत नव्हतं.

त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. आपण इथे कसे आलो, हे आपणच त्याला सांगितलेलं नाही.

आपण सगळे बाहेरून आलेले. कुणी रत्नागिरीचे, कुणी रायगडचे, कुणी बुलढाण्या-अकोल्याचे, कुणी जालना-परभणीचे, कुणी साताऱ्या-सांगलीचे. माझं गाव खेड तालुक्यात. वडील गिरणीत लागले म्हणून आम्ही मुंबईत आलो. दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसं. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले, आणि लालबाग-परळची कितीतरी घरं त्यानंतर उठली ती उठलीच. परवडणारी जागा शोधत माणसं विरार गाडीत बसली. मी १९८६ साली नालासोपाऱ्याला आलो. तेव्हा स्टेशनच्या बाहेर पडलं की चिखल. पाण्याला टँकर. पहाटेची गाडी पकडायची आणि रात्री दहाला घरी. पुढे चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली. त्या आकड्यात आपण सगळे आहोत.

गावाहून मुंबई, मुंबईहून इथे. दोन वेळा घर उचललं. भांडीकुंडी आणली, बाबासाहेबांचा फोटो आणला, बुद्धाची मूर्ती आणली. मागे काय राहिलं? वाडीतली माणसं राहिली. रात्री भीमगीतं म्हणणारी मंडळी राहिली. ज्या म्हाताऱ्या जात्यावर बसून बाबासाहेबांच्या ओव्या रचायच्या, त्या राहिल्या. गावात मुलाला आपण कोण हे वेगळं शिकवावं लागत नव्हतं. चांगलं-वाईट सगळं त्याला दिसत होतं. इथे चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराआड ते आपोआप कसं कळणार?

मित्रहो, बाबासाहेबांचं बालपण आठवून बघा. तेही घर उचलत फिरणाऱ्या कुटुंबाचेच. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. जन्म महूच्या लष्करी छावणीत. तिथून दापोली, मग सातारा, मग मुंबईत परळची चाळ. मूळ आडनाव सकपाळ. गावावरून आंबडवेकर, आणि पुढे जगाला माहीत झालेलं आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत हा मुलगा वेगळ्या तरटावर बसला. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचं होतं, ते शिकू दिलं नाही म्हणून पर्शियन घ्यावं लागलं.

शाळेनं त्यांना अक्षर दिलं आणि अपमानही दिला. मग ताठ मान कुठून आली? ती घरातून आली. सुभेदार रामजींच्या घरात कबीराची भजनं होती, पहाटे उठवून अभ्यास घेणारा बाप होता. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. एक पुस्तक, तेही मराठीतलं. त्या पुस्तकाची वाट कुठवर गेली, ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जगानं पाहिलं. मी हे का सांगतो? शाळा कितीही चांगली असली तरी ती शिक्षणाचा अर्धाच भाग देते. उरलेला अर्धा घरानं आणि समाजानं द्यायचा असतो.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला बरं वाटत नाही, पण इतरांना शहाणपण सांगायचं तर आधी आपली चूक कबूल केली पाहिजे.

माझ्या मुलीला मी इंग्रजी शाळेत घातलं. पहिल्या दिवशी तिच्या दप्तरात डबा ठेवताना मी तिला सांगितलं, "कुणी आडनाव विचारलं तर नुसतं नाव सांगायचं. विषय वाढवायचा नाही." मला वाटलं, मी पोरीला जपतो आहे. ती आठवीत असताना शाळेतल्या एका बाईंनी भर वर्गात सांगितलं, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." चार मुलं उभी राहिली. बाकीच्या पन्नास जणांनी वळून बघितलं. पुढच्या वर्षी मुलीनं फॉर्म भरलाच नाही. मला म्हणाली, "आपल्याला गरज नाही ना बाबा?" मीही म्हटलं, नाही. मला तो स्वाभिमान वाटला. पोरीच्या पोटात लाज बसली होती, हे मला कळलं नाही. मी स्वतः मास्तर असून कळलं नाही!

आज ती चांगल्या नोकरीत आहे. तिलाही मुलगा आहे. दोन वर्षांपूर्वी ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही मला शाळेत घातलंत. पण लपायलाही तुम्हीच शिकवलंत." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मी त्या दिवशी तिला काय सांगायला हवं होतं? ते तुम्हाला सांगतो, तुम्ही आपल्या मुलांना सांगा. मॅट्रिकनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या मुलांची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आणि त्याआधी १९१३ साली ते स्वतः अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. वर्गात "स्कॉलरशिपवाले उभे राहा" म्हटलं, तर त्या रांगेत सगळ्यात पुढे बाबासाहेब उभे आहेत. हे ज्या मुलीला माहीत असेल, ती मान खाली घालेल का? मी तिला लपायला शिकवण्याऐवजी एवढं एक वाक्य शिकवलं असतं, तरी पुरलं असतं.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या इमारतीतली. मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाला. इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा. जातवैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हणाले. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला मुंबईचा, नंतरचा. मग आजोबांच्या गावी, बुलढाणा जिल्ह्यात जावं लागलं. कोतवाल बुकातली नक्कल काढायची, तर आजोबांचं नाव पाहिजे. घरात त्यांना सगळे 'बाबा' म्हणायचे. जन्माच्या वेळचं नाव कुणालाच ठाऊक नाही. शेवटी गावातल्या एका नव्वदीच्या आजीनं ते सांगितलं, तेव्हा नोंद सापडली. बघा हं, ज्या गावाचं नाव आपण मुलाला सांगितलं नाही, त्याच गावातल्या कागदावर त्याचा प्रवेश अडला होता.

तो मुलगा परत आल्यावर मला भेटला. म्हणाला, "सर, आपण गावाबाहेर राहायचो हे मी पुस्तकात वाचलं होतं. ती जागा बघितली आणि मग कळलं." त्याचा आवाज बदलला होता. प्रवेश तर मिळालाच. पण त्या दोन दिवसांच्या प्रवासात त्याला जे मिळालं, ते कोणत्या कॉलेजात मिळणार होतं?

कागदांचा विषय निघालाच आहे, तर पालकांना स्पष्ट सांगतो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्यानं धर्मांतरित बौद्धांना सवलती दिल्या. केंद्रात मात्र त्यासाठी १९९० पर्यंत वाट बघावी लागली, तेव्हा कायद्यात दुरुस्ती झाली. म्हणजे चौतीस वर्षं लढून मिळालेली ही गोष्ट आहे. प्रवेश अर्जाचे रकाने घाईत, दारावरच्या माणसाला विचारून भरू नका. जाणकाराला विचारा. आणि आपल्यात उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेली बौद्ध कुटुंबंही आहेत. त्यांची अडचण आपल्याहून मोठी. परराज्यातून आलेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती या राज्यात मिळत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० सालीच सांगितलं आहे. मूळ राज्यातला हक्क तेवढा राहतो. त्यांची मुलं आपल्या मुलांबरोबर एकाच बाकावर बसतात. त्यांना विहारात हिंदीतून समजावून सांगणारं कुणी हवं. त्यांना आपण परके म्हणायचं नाही. आपण कुठून आलो, ते आताच सांगितलं मी.

आता भाषेबद्दल थोडं. इंग्रजी शाळेला माझा विरोध नाही. बाबासाहेबांनी जगाशी इंग्रजीत वाद घातला. पण आपल्या माणसांशी बोलायला १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढला तो मराठीत. त्यांना दोन्ही लागत होतं, तर आपल्याला एकानं कसं भागेल? ज्या मुलाला मराठी वाचता येत नाही, त्याला आजीची चिठ्ठी वाचता येत नाही आणि 'बहिष्कृत भारता'तले अग्रलेखही वाचता येत नाहीत. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक झालं आहे. पण शाळेतली मराठी पेपरपुरती. घरात वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जातं का, ते बघा.

आपल्या वसईतलंच उदाहरण घ्या. इथला ख्रिस्ती समाज. धर्म वेगळा, पण घरात सामवेदी बोली, जिला कादोडी म्हणतात, आणि लिहिणं-वाचणं मराठी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं मराठीत चालवलं, बायबल मराठीत आणलं, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. आपला धर्म आणि आपली भाषा एकाच घरात कशी नांदते, हे शेजाऱ्याकडून शिकायला कमीपणा कसला?

आणि पाली? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच निर्णयात पालीलाही दिला. आपल्या मुलांच्या तोंडी रोज पाली असते. त्रिसरण-पंचशील घडाघडा म्हणतात. मी एकदा वर्गात विचारलं, "सुरामेरय म्हणजे काय?" एक छोटा म्हणाला, "सर, ते बाबांना विचारा." सगळे हसले, तुम्हीही हसलात. पण त्याला निदान एका शिलाचा अर्थ कळला होता. बाकीच्या चारांचं काय? अर्थ न कळता म्हटलेलं पंचशील आणि अर्थ न कळता म्हटलेला मंत्र यात फरक काय राहिला?

आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो. "आपण इथले नाही", असं मुलं म्हणतात. पश्चिमेला सोपारा गावात एक टेकाड होतं. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, तर आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धांच्या लहान मूर्ती. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. नवव्याचा तुकडा भुईगावला सापडला तो १९५६ साली, ज्या वर्षी बाबासाहेबांनी आपल्याला दीक्षा दिली त्याच साली! त्या नवव्या लेखात सम्राट काय म्हणतो? लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. पण खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा आदर आणि प्राण्यांबाबत संयम. दोन हजार वर्षांहून जुना तो दगड आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. किती मुलांनी पाहिला? हात वर करा बघू... राहू द्या.

आणि याच सोपाऱ्याचा पूर्ण. परंपरा सांगते की तो इथला व्यापारी. श्रावस्तीला गेला, भगवंतांचा भिक्षू झाला, आणि परत आपल्याच मुलखात जायची परवानगी मागू लागला. भगवंतांनी विचारलं, तिथली माणसं तापट आहेत, शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, मारलं तर नाही ना, असं म्हणेन. मारलं तर? दगड घातले नाहीत, असं म्हणेन. असं करत करत प्रश्न जीव घेण्यापर्यंत गेला, पण पूर्ण डगमगला नाही, आणि परवानगी घेऊन आला. मुलांनो, पूर्णानं मार खाल्ला पाहिजे असं मी म्हणत नाही. अन्याय झाला तर तक्रार करायची, आईबापांना आणि आम्हाला सांगायचं. पण नाव लपवून तो आला नाही, एवढं लक्षात ठेवा.

याचा अर्थ ही जमीन आपलीच, बाकीचे उपरे, असा घेऊ नका. सोपारा हे बंदर होतं. धम्म इथे आला तो ये-जा करणाऱ्या माणसांबरोबर. बाहेरून येणं ही इथली जुनी रीत आहे. आपण त्या रीतीतले.

समितीला माझी विनंती थोडक्यात. रविवारचा वर्ग सुरू करा, त्यात एका गाथेचा अर्थ आणि मराठी वाचनाचा एक तास ठेवा. परीक्षेच्या दिवसांत विहाराचे दिवे रात्री दहापर्यंत चालू ठेवा, कारण एका खोलीत टीव्ही आणि अभ्यास जमत नाही. वर्षातून एकदा मुलांना सोपाऱ्याच्या स्तूपावर न्या. आणि प्रत्येक मुलाला एक वही द्या. आजी-आजोबांजवळ बसून त्यानं त्यात लिहायचं, गाव कुठलं, कधी आलो, का आलो, आजोबांचं खरं नाव काय. आजी-आजोबा कायमचे पुरत नाहीत हो. माझी आई २०११ साली गेली. तिच्या ओव्या मी लिहून घेतल्या नाहीत. आता आठवायला बसलो की दोन ओळी आठवतात आणि तिसरी सुटते.

२०११ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, बौद्धांची ८१ टक्क्यांच्या वर. हे आपल्या आईबापांनी पोट मारून केलं. त्यांनी आपल्याला वाचायला शिकवलं. आता काय वाचायचं, ते मुलांना सांगायची पाळी आपली आहे.

तो प्रवेश अर्ज राहिलाच. त्या दिवशी मी ताईंच्या सासूबाईंना फोन लावायला सांगितला. म्हातारीनं गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, आणि मग पंधरा मिनिटं बोलतच राहिली. विहिरीबद्दल, शाळेबद्दल, आपण दीक्षा कुठे घेतली त्याबद्दल. पोरगा फोन कानाला लावून ऐकत होता. मग त्यानं पेन घेतलं. मातृभाषा, मराठी. धर्म, बौद्ध. मूळ गावाचं नाव लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकला, तो मी दुरुस्त केला. मास्तरची सवय!

जाताना मला म्हणाला, "सर, आता कुणी विचारलं तर सांगू ना?"

म्हटलं, "सांग. मोठ्यानं सांग."